मूल जिथं, तिथली अंगणवाडी

मंदा गेल्याचं कळलं तेव्हा माझे दोन्ही हात मातीनं भरलेले होते. आमच्या शिशुवर्गात त्या दिवशी शाडूचं काम चाललं होतं आणि मुलं आपापल्या गोळ्यातून हत्ती, पोळ्या, रॉकेट असं जमेल ते काढत होती. फोन कपाटावर वाजत होता. भाऊसाहेब, म्हणजे मंदाचे यजमान, इतक्या सकाळी कधी फोन करत नाहीत. मी कोपरानं कसाबसा स्पीकर लावला. "नीलाताई," ते म्हणाले, "मंदा गेली हो… आत्ताच." माझ्यामागे मुलांचा गलका चालूच होता. तो त्यांना ऐकू गेला असावा. ते म्हणाले, "वर्ग चालू आहे वाटतं. मग सुटल्यावर या. अर्धवट टाकून आलेलं तिला नाही चालायचं." मी हात धुतले नाहीत. परत मुलांमध्ये जाऊन बसले आणि एका मुलीच्या हत्तीला सोंड लावून द्यायला लागले… सोंड काही केल्या चिकटेना.

दुपारी अमरधाममध्ये बरीच गर्दी होती. तिच्या खात्यातली माणसं, निवृत्त झालेल्या मुख्यसेविका, सटाण्याकडचे भाऊबंद, भाऊसाहेबांचे ओझरच्या विमान कारखान्यातले जुने सोबती. या सगळ्यांपासून लांब, फाटकाशी एक बाई उभी होती. नेसण्यावरून पेठच्या डोंगराकडची आहे हे कळत होतं. ताराबाई भोये. दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेतून बस बदलत ती आली होती. भाऊसाहेबांनी मला हळूच विचारलं, "ही कोणाकडची?" मी म्हटलं, "मंदाच्या कामातली." "कुठल्या कामातली?" असं त्यांनी विचारलं, पण तेवढ्यात कोणीतरी त्यांना बोलावून नेलं. तेराव्याचं सगळं आटोपल्यावर त्यांनी तो प्रश्न पुन्हा काढला. त्यांचा जन्म कारखान्याच्या शिफ्टमध्ये गेला, तिचा जीपमध्ये. घरात आली की ती कामाचं बोलायची नाही. "अंगणवाडीची साहेब आहे, एवढंच मी लोकांना सांगत आलो," ते म्हणाले. "ती नेमकं काय करायची ते कोणीतरी मला नीट सांगा हो." म्हणून हे लिहिते आहे.

मी मनमाडची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. मंदा सटाण्याजवळच्या एका खेड्यातली. नाशिकला बालशिक्षणाची पदविका करायला आम्ही दोघी आलो आणि वसतिगृहात एका खोलीत पडलो. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला विचारलं, "तुनं नाव काय शे?" तिची अहिराणी ऐकून शेजारच्या खोलीतल्या मुली खो खो हसल्या. पुढे कितीतरी दिवस त्या जाता-येता 'शे, शे' करायच्या. मंदानं बोलणंच टाकलं. मला वाटलं, मुलगी घुमी आहे. मग एकदा वर्गात बाईंनी विचारलं, पहिल्यांदा शाळेत येणाऱ्या मुलाला सगळ्यात आधी काय लागतं? कोणी प्रेम म्हटलं, कोणी खेळणी, कोणी शिस्त. मंदा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "त्याच्या घरचं बोलणारं एक तरी माणूस." बाई "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. मी मात्र त्या संध्याकाळी तिच्याकडून अहिराणीतली पहिली वाक्यं शिकून घेतली. मैत्री तिथून.

पुढे माझं लग्न झालं, गंगापूर रोडला घर झालं आणि खालच्या दोन खोल्यांत मी शिशुवर्ग काढला. मंदा परीक्षा देऊन मुख्यसेविका झाली. मुख्यसेविका म्हणजे गावोगावच्या अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. नंतर ती तालुक्याची प्रकल्प अधिकारी झाली. रविवारी ती माझ्याकडे यायची आणि थेट रिकाम्या वर्गात जाऊन बसायची. ठोकळे रचायची, या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओतून बघायची, चित्रांची पुस्तकं उलटीपालटी करायची. एकदा अशीच बसलेली असताना म्हणाली, "नीला, तुझ्याकडे येणाऱ्या पोराला घरी गोष्टी सांगणारी आजी आहे, पुस्तकं आहेत, रोज फिरायला नेणारा बाप आहे. ते इथं आलं नाही तरी शिकेल. ज्याच्या घरी दिवसभर कोणी नसतं त्याला आपण काय देतो? खिचडी. आणि हाताची घडी, तोंडावर बोट."

मला राग आला. "मग लोकांनी फी भरून मुलं पाठवूच नयेत का?"

"पाठवावीत की. पण चांगलं ते फी भरणाऱ्यालाच मिळायचं, हे कोणी ठरवलं?"

हा वाद आमच्यात जन्मभर चालला. मी माझं काम मन लावून करत होते आणि त्याबद्दल मला कधी अपराधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. मला तसं वाटावं असं तिलाही म्हणायचं नव्हतं. तिला माझ्याकडचं काहीतरी हवं होतं, आणि ते कसं न्यायचं हे तिला कळत नव्हतं. शेवटी एका हिवाळ्यात ती म्हणाली, "तू चल. माझ्या सेविकांना ते पाण्याचे खेळ शिकव."

त्या दिवशी दिंडोरीकडच्या एका गावात सेविकांबरोबर सकाळ घालवून आम्ही परत निघालो होतो. जीप रफिकभाई चालवायचे, मालेगावचे. एका बागेपाशी मंदानं गाडी थांबवायला सांगितली. द्राक्षांच्या ओळींत पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी घडांची विरळणी करत होती. दोन खांबांच्या मधे लुगड्याची झोळी बांधलेली, पण ती रिकामी होती. पलीकडच्या ओळींतून औषधाच्या फवाऱ्याचा वास येत होता. मंदा इकडंतिकडं बघत होती, आणि अचानक ती पळायला लागली. मंदा जाड होती, तिला पळताना मी वसतिगृहातसुद्धा पाहिलं नव्हतं. बागेच्या टोकाला शेततळं होतं. पाणी झिरपू नये म्हणून त्याला काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि तो साबणासारखा निसरडा असतो. काठावर एक वर्षा-दीड वर्षाचं पोर बसून रडत होतं. त्याचं टोपरं वाऱ्यानं उडून उतारावर गेलं होतं, आणि ते आणायला उतरलेली त्याची बहीण गुडघ्यापर्यंत पाण्यात होती. चार वर्षांची असेल. एका हातात टोपरं, दुसऱ्यानं कागदाच्या एका चुणीला धरून उभी होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती. फक्त वर भावाकडे बघत होती.

मंदा काठावर पालथी पडली आणि तिनं हात खाली टाकला. हात पुरेना. रफिकभाई मागून धावत आले, त्यांनी तिचे दोन्ही पाय धरले आणि म्हणाले, "मॅडम, और नीचे जाओ, मैं हूँ." तशी ती आणखी घसरली आणि पोरीचं मनगट तिच्या हाती आलं. वर आल्यावर त्या पोरीनं काय करावं? आधी टोपरं पिळलं आणि भावाच्या डोक्यावर घातलं.

तिचं नाव जयू. आई ओळीतून धावत आली, तीच ही ताराबाई. मंदानं तिला जवळ बसवून पाणी दिलं आणि मग विचारलं, "गावात अंगणवाडी आहे ना? तिथं का नाही बसवत?"

"गेलती मी, बाई," ताराबाई म्हणाली. "त्या ताई बोलल्या, तुमचं नाव हितं नाय, तुमच्या गावाला बसवा. आमचं गाव तिकडं पेठला, आन् आमी हितं."

मंदा तशीच, चिखलानं भरलेल्या साडीत, परत गावातल्या अंगणवाडीत गेली. मला वाटलं, आता त्या सेविकेची काही धडगत नाही. पुष्पाताई तिचं नाव. ती घाबरली खरी, पण खोटं बोलली नाही. "मॅडम, मला काय कमी वाईट वाटतं? पण धान्य येतं ते पटावरच्या मुलांपुरतं. टोळीची मुलं बसवली की गावातल्या बाया विचारतात, आमच्या लेकरांच्या ताटात कमी का? त्यांना मी काय सांगू?" मंदानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. त्या बायांचंही बरोबर आहे. चूक कुठंय ते मी शोधते. तोवर मुलं बसवा, जास्तीचं धान्य माझी जबाबदारी." परतीच्या वाटेवर नाशिक जवळ आल्यावर म्हणाली, "गंमत माहीत आहे का? पाहुण्या मुलाला बसवू नये असं कुठंच लिहिलेलं नाही. पण बसवा असंही कोणी ठळक लिहिलेलं नाही. म्हणून ते पोर दोन्ही गावांच्या मधे पडतं."

ती बाग गावापासून लांब होती, एवढ्याशा मुलांना रोज चालत येणं शक्य नव्हतं. बागेच्या मालकांना सगळे आप्पा म्हणत. मंदानं त्यांच्याकडे पॅकिंग शेडची एक बाजू मागितली. आप्पा आधी कुरकुरले. "मॅडम, द्राक्षं निघाली की मला पाय ठेवायला जागा नसते." मंदानं त्यांना शेततळ्यापाशी नेलं. कागदावर जयूच्या नखांचे ओरखडे होते. आप्पांनी बघितले, आणि दुसऱ्या दिवशी शेडमधले क्रेट एका अंगाला झाले. गावातला वर्ग सुटला की पुष्पाताई तिथं यायच्या. पण मुलं त्यांच्याशी बोलेनात. पुष्पाताईंची मराठी मुलांना निम्मी कळायची नाही, मुलांची डोंगरातली बोली पुष्पाताईंना. मुलं खायची आणि भिंतीला टेकून बसायची. तेव्हा मंदानं ताराबाईला विचारलं, तू बसशील का मुलांत? मजुरी बुडेल ही तिची अडचण आप्पांनी तिची मजुरी चालू ठेवून सोडवली. मुलं शेडमध्ये राहिली की बायका मोकळेपणानं काम करतात, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

त्या हंगामात मी दर शनिवारी तिथं जात होते. ताराबाईला शिकवायला, असं आम्ही म्हणायचो. तिला मुलांना खेळवायची सवय नव्हती. डोंगरात मुलं आपली आपण खेळतात, त्यांना मोठ्यांनी खेळवायचं असतं हे तिला विचित्र वाटायचं, आणि पाण्याच्या खेळावर तर ती चिडायची. "बाई, पानी सांडून काय शिकतात?" मी तिला समजावत राहिले, ती ऐकत राहिली, तिनं थोडं पटवून घेतलं, थोडं सोडून दिलं. पण एक दिवस ती मुलांना गोष्ट सांगायला लागली, वाघाची आणि म्हातारीची, आपल्या बोलीत. भिंतीला टेकलेली मुलं एकेक करून पुढे सरकली. मंदा दारात उभी होती. तिनं माझा दंड धरला, इतका घट्ट की मला दुखलं. दोघींनाही आमचा तो जुना वर्ग आणि तिचं तिथलं उत्तर आठवलं असणार.

जयू मात्र गोष्टीतही नसायची. भावाला मांडीत घेऊन कोपऱ्यात बसायची. तो उठला की उठायची, तो निजला की त्याच्या तोंडावरच्या माश्या वारायची. मी तिला ठोकळे दिले तर तिनं ते भावापुढे ठेवले. मी काळजी करायला लागले. मंदा म्हणाली, "घाई करू नकोस. तिला आधी चार वर्षांची होऊ दे." द्राक्षांत गोडी भरायला लागली तेव्हा कधीतरी, एका शनिवारी मी गेले तर भाऊ झोळीत एकटाच झोपलेला आणि जयू कुठं दिसेना. मी धावत बाहेर गेले. तर ती शेडच्या मागे दोन मुलींबरोबर चिखलाच्या भाकरी थापत होती, आणि त्यातल्या एकीशी कडाकडा भांडत होती. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो त्या भांडणात.

हंगाम संपला, टोळी परत डोंगरात गेली. मंदाचं खरं काम तिथून सुरू झालं. तिचं म्हणणं साधं होतं. मूल जिथं असेल तिथली अंगणवाडी त्याची. पेठमधून ते दिंडोरीत आलं तर त्याचा आहार, त्याचं वजन, त्याचं शिकणं, सगळं त्याच्यामागोमाग आलं पाहिजे. त्यासाठी कोणा सेविकेच्या दयेची किंवा बागायतदाराच्या मनाच्या मोठेपणाची गरज पडता कामा नये. हे ती बैठकांमधून सांगत राहिली. एका बैठकीला तिनं मलाही नेलं होतं. वरिष्ठ अधिकारी सज्जन होते. त्यांनी विचारलं, "देवरे मॅडम, ही मुलं चार-पाच महिन्यांची पाहुणी. त्यांच्यासाठी एवढी व्यवस्था उभी करायची, आणि मग?" मंदा म्हणाली, "साहेब, तीन ते सहा. शाळेच्या आधीची सगळी मिळून तीनच वर्षं असतात. त्यातला दरवर्षी निम्मा काळ गेला तर त्या मुलाकडे उरलं काय? आणि ते सहाव्या वर्षी पहिलीत जाईल तेव्हा आपण म्हणणार, या मुलांना शिकायची आवडच नाही." साहेबांनी मान डोलावली. फाईल मात्र लगेच हलली नाही. ती या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात आणखी एक हंगाम गेला. मग एकदाचा तालुक्यापुरता आदेश निघाला. टोळ्या उतरतील त्या बागांजवळ मुलांची सोय करायची, आणि त्यासाठी धान्य वाढवून द्यायचं.

मंदा खूश होती. मी नव्हते. त्या वर्षी तिनं मला एका दुसऱ्या गावातलं शेड दाखवायला नेलं. आत मुलं रांगेत बसलेली, हाताची घडी, तोंडावर बोट. सेविका छडी घेऊन उभी. आम्हाला बघून मुलांनी एका सुरात नमस्कार म्हटलं. जीपमध्ये बसल्यावर मी म्हणाले, "हेच हवं होतं का तुला? चांगलं शिक्षण आदेशानं येत नाही, मंदा."

"आदेशाशिवाय ते तुझ्या बंगल्याबाहेर येत नाही," ती म्हणाली.

मग आम्ही नाशिकपर्यंत बोललो नाही, आणि नंतरही बरेच दिवस बोललो नाही. त्या दिवाळीला फराळाचे डबे गेले-आले नाहीत. संक्रांतीनंतर तिचाच फोन आला. नेहमीसारखं कसं आहेस वगैरे काही नाही. "मला तुझ्याकडे काही सेविका आणायच्यात. भाषण देऊ नकोस. नुसतं बघू दे." त्या आल्या, सकाळभर भिंतीशी बसून राहिल्या. त्यात ती छडीवाली सेविकाही होती. वर्ग सुटल्यावर मंदानं विचारलं, काय दिसलं? एक जण म्हणाली, या बाई मुलांना एकदाही गप्प बसा म्हणाल्या नाहीत. छडीवाली मात्र म्हणाली, "मॅडम, यांच्याकडं मूठभर मुलं, दोन बाया, दोन खोल्या. माझ्याकडं एक पत्र्याचं शेड, गावची आणि टोळीची मिळून ढीगभर मुलं, आणि मी एकटी. छडी नाही तर काय करू?" मंदाचा चेहरा उजळला. "हे तुम्ही आत्ता बोललात ना, तेच मला वर सांगायचंय," ती म्हणाली. पुढच्या हंगामात टोळीतलीच एक बाई मदतीला घ्यायची, हे तिनं आदेशात घालून घेतलं. मुलांच्या बोलीचाही प्रश्न त्यातच सुटला. तेव्हा मला वाटलं, आमच्या वादात आम्ही दोघीही थोड्या थोड्या बरोबर होतो. मी हे तिला कधी सांगितलं नाही. तिला ते ठाऊक असावं.

मग तिची बदली झाली. सरकारी नोकरीत ती व्हायचीच. नवीन अधिकारी वाईट नव्हते, पण त्यांच्यापुढे दुसरी शंभर कामं होती, आदेशाची मुदत संपत आली होती, आणि ती वाढवून घ्यायची आठवण कोणाला राहिली नाही. हिवाळ्यात मंदा सुट्टी काढून आप्पांच्या बागेत गेली. तिथूनच तिनं फोन केला. "शेडमध्ये क्रेट भरलेत गं," एवढंच म्हणाली. चांगल्या माणसाची बदली झाली की चांगुलपणाचीही बदली होते, ही गोष्ट तिला कधी सहन झाली नाही. धोरण धोरण म्हणून ती जे सतत बोलायची, ते मला त्या फोननंतर खऱ्या अर्थानं कळलं. माणूस उठून गेला तरी मागे राहतं ते धोरण. बाकी सगळं पॅकिंग शेड, हंगामापुरतं रिकामं केलेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती निवृत्त झाली. भाऊसाहेबांना वाटलं, आता ही घरी बसेल. ती एसटीनं दिंडोरीला जायला लागली. ते विचारायचे कुठं निघालीस, ती म्हणायची मैत्रिणीकडे. भाऊसाहेब, ती मैत्रीण मी नव्हते. ती गावातल्या ग्रामसभेत जाऊन मागे बसायची. आता अधिकार नव्हता, जीप नव्हती. सुरुवातीला लोकांना तिचं ओझं वाटायचं. पण ती प्रत्येक सभेला जायची आणि एकच विषय काढायची. कालांतरानं आप्पाच तिच्या बाजूनं उभे राहिले आणि बागांच्या मधोमध, रस्त्याला लागून, त्यांनी थोडी जागा दिली. ठराव झाला, पुन्हा अडला, पुन्हा झाला. याच सुमाराला स्थलांतर करणाऱ्या मुलांबद्दल वरूनही स्पष्ट सूचना आल्या. मुलाचं नाव आता सेविकेच्या फोनवरून एका गावातून दुसऱ्या गावात पाठवता येतं. मी तिचं अभिनंदन करायला गेले तर ती म्हणाली, "माझ्यामुळे थोडंच आलं? ठिकठिकाणी कोणी ना कोणी ओरडलं असेल." आणि लगेच, "वीटभट्ट्यांवर अजून काहीच नाही. बाकीच्या तालुक्यांतही बघायला हवं." अजूनही पुष्कळ बागांत झोळ्या रिकाम्या लटकतात आणि चार वर्षांच्या बहिणी आईपण करतात. ते झाकून हा लेख गोड करावा असं मला वाटत नाही, तिला तर ते मुळीच खपलं नसतं.

पावसाळ्यानंतर तिच्या पोटात दुखायला लागलं आणि तपासण्यांमधून जे निघालं त्याला फारसा इलाज उरलेला नव्हता. शेवटच्या भेटीत ती दवाखान्यात होती. औषधांची गुंगी होती, आणि त्या गुंगीत तिची सगळी शहरी मराठी गळून गेली होती. ती फक्त अहिराणी बोलत होती. भाऊसाहेब तिला चमच्यानं पेज भरवत होते. मला बघून तिनं विचारलं, "पोरं उनात का?" मुलं आली का, असं. भाऊसाहेबांना वाटलं, आपल्या मुलांबद्दल विचारते आहे. ते म्हणाले, "आली ना, बाहेर बसली आहेत." मला कळलं होतं. बाहेर थंडी पडायला लागली होती, टोळ्या उतरायचे दिवस होते. मी म्हटलं, "उनात, मंदा. समदा उनात." तिनं मान हलवली आणि उरलेली पेज खाल्ली.

गेल्या आठवड्यात मी भाऊसाहेबांना दिंडोरीला घेऊन गेले. त्यांनीच विषय काढला होता. बागांच्या मधे, रस्त्याकडेला, पिवळ्या रंगाची एक खोली आहे. आत पुष्पाताई होत्या, मदतनीस म्हणून ताराबाई होती, आणि गावची-टोळीची मुलं एकमेकांत मिसळून बसली होती. एक टोळकं पाण्यात होतं, ताराबाई त्यांच्यावर ओरडत होती आणि आणखी पाणीही आणून देत होती. भाऊसाहेब आयुष्यभर कारखान्यात मापं बघत आलेले. त्यांचं लक्ष लगेच भिंतीकडे गेलं. "या खिडक्या चुकल्यात का हो?" त्यांनी विचारलं. "इतक्या खाली?" खरंच, खिडक्या आपल्या गुडघ्याच्याही खाली सुरू होतात आणि कमरेशीच संपतात. उभ्या माणसाला त्यांतून फक्त बांधावरची माती दिसते.

पुष्पाताई हसल्या. "इंजिनिअर साहेबपण तेच म्हणाले होते. अशा खिडक्या नकाशात बसत नाहीत म्हणाले. मॅडम दोन-तीनदा बांधकामावर येऊन बसल्या. शेवटी साहेबांना म्हणाल्या, तुम्ही खाली बसा आणि सांगा काय दिसतं. साहेब बसले. मग त्यांनी गवंड्याला स्वतःच खूण करून दिली."

भाऊसाहेबांचे गुडघे दुखतात, आताशा ते खाली बसत नाहीत. भिंतीचा आधार घेत, एकेक पाय मुडपत ते जमिनीवर बसले. शेजारी एक लहान मुलगी ठोकळे लावत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, थोडं सरकून जागा दिली आणि परत खेळायला लागली. मधूनच तिनं मान वळवून खिडकीतून बघितलं. बाहेर द्राक्षांच्या ओळी सरळ लांबवर गेलेल्या, आणि वेलींच्या खाली, सावलीत, काम करणाऱ्या बायकांचे पाय, लुगडी, वाकलेले चेहरे. त्यातल्या एकीनं घड हातात धरूनच खोलीकडे नजर टाकली. मुलीचं काम झालं होतं. ती पुन्हा ठोकळ्यांकडे वळली.

मी गाडीची किल्ली काढली, ऊन उतरायच्या आत निघायला हवं होतं. भाऊसाहेबांनी हात किंचित वर केला.

"बसू द्या थोडं," ते म्हणाले. "इथून दिसतं."